लहान, मध्यम, मोठा

ताईच्या पेनड्राइव्हमधली पहिली फाइल उघडली आणि पडद्यावर एक कोट आला, आगपेटीएवढा. मिलिमीटरला आधी काहीच वाटलं नाही. फाइल उघडताना पान कधीकधी असं लांब उभं असतं, जवळ बोलावलं की मुकाट येतं. त्याने ते जवळ बोलावलं, म्हणजे छापल्यावर जेवढं दिसेल तेवढंच दाखव असं यंत्राला सांगितलं, आणि कोट होता तेवढाच राहिला. त्याने कोपऱ्यातला आकडा वाचला. चष्मा पुसला, पुन्हा वाचला. मग दुसरी फाइल उघडली, तिच्यात शाळेचा झगा होता, तोही तेवढाच. मग मधलीच कुठलीतरी, मग शेवटची. सगळ्या एकाच मापाच्या. बाहेर छपाईचं मशीन चालू होतं, त्याच्या हादऱ्याने टेबलावरचं पाणी ग्लासात नेहमीसारखं थरथरत होतं, आणि मिलिमीटर त्या पाण्याकडेच बघत बसला, कारण पडद्याकडे बघायची छाती होईना. हे माप ताईला कुणी दिलं ते त्याला ठाऊक होतं.

मिलिमीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. छापखान्यात मशीनवर जाणारी प्रत्येक फाइल आधी त्याच्या टेबलावरून जाते. रंग, अक्षरं, कडेला सोडलेला वाढावा, चित्राची वीण दाट आहे की विरळ, सगळं तपासून तो 'जाऊ दे' म्हणतो तेव्हाच ती पुढे सरकते. पण नाव पडलं ते त्याच्या कितीतरी आधी, आणि पाडलं ताईने. लहानपणी पावाचा अर्धा तुकडा वाट्याला आला की हा पट्टी आणून मोजायचा, आणि ताई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "मोज बाबा, मोज मिलिमीटर! तुझ्या वाट्याचा कण माझ्या पोटात गेला तर मला अपचन व्हायचं." घरातून ते नाव शेजारी गेलं, शाळेत गेलं, आणि पुढे एकदा ती डबा द्यायला छापखान्यात आली नि दारातूनच हाक मारून मोकळी झाली, तेव्हापासून इथेही चिकटलं. आधी त्याला राग यायचा. मग येईनासा झाला. खरं सांगायचं तर त्याला त्या नावाचा गर्वच चढला होता. न चुकणारा माणूस! दिसायला बेताचा, बोलायला तुसडा, भाऊ म्हणून तर नावालाच. पण चुकायचा नाही. एवढी एकच गोष्ट त्याने आयुष्यात मन लावून कमावली होती.

ताईचं दुकान होतं, कपडे दुरुस्तीचं. नवे कपडे ती शिवायची नाही. "नव्याला काय, कुणीही शिवेल," म्हणायची. सैल असेल ते घट्ट करणं, लांब असेल ते आखूड करणं, अस्तर बदलणं, आणि फाटलेलं असं रफू करणं की फाटलं होतं हे मालकालाही आठवू नये. असल्या प्रत्येक दुकानात असतो तसा तिच्याकडेही भिंतीला एक दांडा होता, लोक टाकून गेले आणि न्यायला आलेच नाहीत अशा कपड्यांचा. का येत नाहीत, देव जाणे. कुणी घर बदलतं, कुणी जाड होतं, कुणी मरतं, कुणाला नुसतं लाज वाटते उशीर झाला म्हणून. ताई ते कपडे फेकायची नाही. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्यांच्याकडे बघत बसायची आणि फोनवर त्यांच्याबद्दल माणसांसारखं बोलायची. "तो करडा कोट आज फार हिरमुसलाय," असं. मिलिमीटर हं हं करायचा आणि दुसरं काम करत राहायचा. मग दुकान बंद करायची वेळ आली, आणि तिच्या मनाने घेतलं की यांना असंच कसं घालवायचं, निदान चित्रं तरी काढू. एकेक कपडा समोर लटकावून, टॅबवर, आधी बोटाने आणि नंतर एका जाडसर पेनने, तिने ते काढले. टाका न् टाका काढला. कोटाचं उसवलेलं अस्तर, कॉलरची झिजलेली घडी, पँटच्या गुडघ्याला आलेला फुगा. चित्र झालं की कपडा देऊन टाकायची, कुणा गरजूला नाहीतर चिंध्यावाल्याला. म्हणजे आता कपडे नाहीत. जे काही उरलंय ते या फाइलींत.

आणि ताईचे डोळे उरले नाहीत. पुरते गेले नव्हते. मधोमध डाग आला होता. "समोर बघितलं की तुझं तोंडच गायब," पेनड्राइव्ह द्यायला आली तेव्हा ती म्हणाली होती, "कान तेवढे दिसतात. बरंच आहे म्हणा." कडेकडेने तिला दिसायचं, ठळक आणि मोठं असेल तर. "म्हणून तू मला पुस्तक करून दे, एकेक कपडा फूटभर उंच. मी अशी मान वाकडी करून, भिंग लावून बघेन. टॅबचा उजेड सोसत नाही रे, डोळ्यांतून पाणी येतं. कागद अजून बघवतो. एकदा सगळ्यांना पुन्हा बघते, मग काय व्हायचं ते होऊ दे." डॉक्टरांनी तिला साफ सांगितलं होतं की यावर औषध नाही. शिलाई मशीन सवयीचं आहे तर खुशाल चालवा. पण ज्या दिवशी सरळ रेघ फाटलेली दिसेल त्या दिवशी हात आवरा, नाहीतर सुई बोटात जाईल. हे तिने हसत हसत सांगितलं, दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तशी. अजून ती शेजारपाजाऱ्यांच्या पँटी आखूड करून देत होती, बोटांनी शिवण चाचपत. मिलिमीटरने पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि म्हणाला, "त्यात काय, करू की." त्यात काय म्हणे!

त्याच्या खुर्चीमागे भिंतीवर एक कागद होता, त्याने स्वतः जुळवून छापलेला: काम सुरू करण्याआधी विचारा, संपल्यावर नको. येणाऱ्या प्रत्येकाला तो मान न वळवता अंगठ्याने तो कागद दाखवायचा. फोनमधला फोटो घेऊन पोस्टर करायला येणारे, पत्र लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्खं माहितीपत्रक रचून आणणारे, कडेला वाढावा न सोडता पार काठापर्यंत अक्षरं नेणारे. "अहो, कागद कापताना केसभर इकडेतिकडे होतो, तुमच्या साहेबांचा कान जाईल ना!" लोक ओशाळायचे आणि त्याला बरं वाटायचं. ही वाढाव्याची गोष्ट तर पहिल्या दिवशीच त्याच्या डोक्यात बसली होती, कारण ताई कपड्याच्या शिवणीत असंच जास्तीचं कापड सोडायची. त्याच्या पहिल्या नोकरीची पँट अंगाला बसवून देताना तिने त्याचं माप घेतलं, परत घेतलं, तो वैतागला की अगं आहे ना तुझ्याकडे मागचं, तर तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणाली, "मागचं माप मागच्या माणसाचं. उभा राहा नीट." त्या टाचण्यांमधून येणारा तिचा तो चेपलेला आवाज त्याला आत्ता, इथे, इतका जवळ ऐकू आला की त्याने खरोखरच पाठ ताठ केली. मागच्या भिंतीवरचा कागद त्याला दिसत नव्हता, पण टोचत होता. कारण ताईने काम सुरू करण्याआधी विचारलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांत ती एकटीच अशी, जिने आधी विचारलं.

फोन आला तेव्हा समोर एक गिऱ्हाईक होतं आणि त्याच्याशी वाजलेलं होतं. फोन खांद्यात धरून, एका हाताने माउस हलवत, तो म्हणाला होता, "बोल ताई, लवकर." ताई म्हणाली, "अरे, टॅबवर चित्रं काढायचीत मला. कशात काढू? तुझ्याकडे असतं तसलं घेऊ का?" त्याच्याकडचं सॉफ्टवेअर चांगलं होतं, त्यात रेघ ही रेघच राहते, आगपेटीवर छापा की भिंतीवर, तिची कड तुटत नाही. शिकायला जरा किचकट, पण जिने आयुष्यभर रफू केलं तिला किचकटपणाचं काय कौतुक? चार संध्याकाळी शेजारी बसला असता तर आलं असतं तिला. आणि तेवढंही नको, टॅबमधलंच वापरायचं तरी एक शब्द वेगळा सांगायचा होता. "तुला कशाला ते, डोक्याला ताप," तो म्हणाला होता. "टॅबमध्ये आहे तेच वापर, फुकटचं आहे." ती म्हणाली, "बरं. पण हे विचारतंय, पान लहान, मध्यम की मोठं? काय सांगू?" "लहान घे. टॅब जुना आहे, मोठं घेतलंस की अडकेल." "नक्की ना? नाही, मापाचं आहे म्हणून विचारते. मापात मी कधी..." आणि तेव्हा तो म्हणाला, समोरचं गिऱ्हाईक ऐकत असताना, जरा हसूनच म्हणाला, "ताई, तुला काय ते छापायचंय थोडंच!"

ताई म्हणाली, "तेही खरंच म्हणा," आणि फोन ठेवला. तेही खरंच म्हणा. तेव्हा त्याला हा होकार वाटला होता. आता ते तीन शब्द तो पुन्हा पुन्हा उलगडून पाहू लागला. तेव्हाच तिच्या मनात पुस्तक होतं का? पोरीसारखी लाजून फोन करायला बसली असेल, मनाशी जुळवून, की मिलिमीटरला विचारू, तो छापखान्यातला. आणि याने असं पाणी ओतलं. पुढे ती त्याच्याशी चित्रांबद्दल कधी बोललीच नाही. आणि दर वेळी नवं पान उघडलं, टॅबने विचारलं लहान, मध्यम, मोठा, की ती लहानवर बोट ठेवायची. भावाने सांगितलंय ना. टॅबवर कधी कळलंही नाही, पडदा सगळं ओढूनताणून, गुळगुळीत करून दाखवतो. त्या बोटाचा विचार त्याला सहन होईना. त्या साऱ्या वेळात त्याने एकदा, एकदाच, दाखव बघू काय काढतेस, असं म्हटलं असतं तर! नाही म्हटलं. दिवसभर परक्यांची चित्रं तपासणारा माणूस, घरी गेल्यावर त्याला चित्र नको असायचं.

जेवणाच्या सुट्टीत मशीनवरचा छपाईवाला डबा घेऊन त्याच्याकडे आला आणि त्याच्या खांद्यावरून बघत उभा राहिला. "काय सुरेख काढलंय रे," तो म्हणाला. "कुणाचं?"

"ताईचं. फूटभर हवंय तिला."

छपाईवाल्याने आकडा पाहिला आणि शीळ घातली. "हे फूटभर? काहीतरीच. छोटंच छाप. मोठ्या कोऱ्या पानावर मधोमध एवढासा कोट. बघणाऱ्याला दागिना वाटेल."

"बघणारी ताई आहे. तिला एवढं दिसत नाही."

"मग सांगून टाक सरळ. फाइल लहान आहे म्हणावं. बहीणच आहे ना, खाणार थोडीच आहे?"

"सांगेन," मिलिमीटर म्हणाला.

सांगतोय! त्याऐवजी त्याने दार लावून घेतलं आणि करडा कोट स्वतः गिरवायला घेतला, आपल्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये, ताईची रेघ खाली ठेवून तिच्यावर आपली. दिवसामागून दिवस इतर कामं बाजूला सारून तो तेच करत राहिला. रेघ आली, स्वच्छ आली, आणि तिच्यात ताई नव्हती. ताईची रेघ प्रत्येक टाक्यापाशी येऊन जरा थबकायची, मग पुढे जायची. याची आपली सरळ, आखलेली. कोट नव्हे, कोटाचा नकाशा झाला. खिशापाशी तर तो अडकूनच पडला. तिथे काहीतरी गडद होतं, चार-सहा ठिपके, ते काज आहे की डाग आहे की सावली, कळायला मार्ग नव्हता. शेवटी त्याने फोन लावला आणि आवाज होता होईल तेवढा साधा ठेवला. "त्या करड्या कोटाच्या खिशाजवळ काय होतं गं?"

"भोक," ताई लगेच म्हणाली. "सिगारेटचं. बायकोला कळू नये म्हणून घाईघाईने घेऊन आला होता तो माणूस. आतून ठिगळ लावून मी असं बुजवलं की काय सांगू. आणि आलाच नाही बघ न्यायला." मग तिने विचारलं, "पण चित्र तुझ्यासमोर आहे ना? दिसत नाही का त्यात?"

"दिसतंय. दिसतंय ना. खाली दोन ओळी लिहाव्यात म्हटलं, म्हणून विचारलं."

"लिही, लिही," ताई खूश झाली. "भोक बुजवलं होतं हे मात्र लिही. उगाच त्याचं नाव खराब नको."

फोन ठेवल्यावर त्याने आपली गिरवलेली रेघ सगळी पुसून टाकली. मग चित्र नुसतं वाढवून पाहिलं. यंत्राने मधली जागा आपल्या अंदाजाने भरली, आणि कोट उन्हात ठेवलेल्या मेणासारखा ओघळला. टाके एकमेकांत विरघळले, ठिगळाचा मागमूस राहिला नाही. तेही पुसलं. राहिला एकच मार्ग, अंदाज बंद करायचा आणि जो ठिपका आहे तोच मोठा करायचा, अंगचं काही घालायचं नाही. तसं केल्यावर साखरेच्या दाण्याएवढे चौकोन दिसू लागले, आणि प्रत्येक तिरकी रेघ म्हणजे जिना. कुणा गिऱ्हाइकाने असली फाइल आणली असती तर त्याने तिला दारातून आत घेतलं नसतं. पण निदान प्रत्येक दाणा ताईचा आहे, असं त्याने मनाशी म्हटलं. तिने बोट टेकवलं तिथेच तो आहे. पुस्तक देताना सांगून टाकू. हातात देऊ, बसू, आणि सांगू. असं ठरवल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की कागद त्याने उगाचच भारी निवडला, आणि 'जाऊ दे' म्हणाला.

पुस्तक घेऊन तो ताईकडे गेला तेव्हा खिडकीपाशी मशीनवर कुणाची तरी पँट अर्धी शिवलेली होती आणि सुई कापडात तशीच रुतलेली. ताईने हात पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं, आधी वास घेतला, मग पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "नीट कापलंय," ती म्हणाली. "तूच कापलंस का?" मग मान एकदम बाजूला वळवली, जणू खिडकीबाहेरच्या कुणाशी बोलतेय, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पानाकडे पाहिलं. "अगं बाई," ती म्हणाली. "हा करडा आला की! अरे, हा बघ, आला!" ती एकेक पान उलटत गेली, हात कापडावर ठेवावा तसा पानावर ठेवून, आणि प्रत्येकाला ओळख देत गेली. हा शाळेचा झगा, पोरगी उंच झाली असणार. ही पँट त्या वाजंत्रीवाल्याची. तुझी बायको म्हणायची ना, दांड्यावरच्या एका कोटाची भीती वाटते म्हणून, हा घे, हाच तो. ती हसत होती. त्याला वाटलं, आत्ता सांगू. मग वाटलं, हे पान होऊ दे.

तेवढ्यात तिने भिंग घेतलं. मान वाकडी, भिंग पानाला जवळजवळ टेकलेलं, ती बराच वेळ एकाच जागी राहिली. दुसरं पान पाहिलं. पुन्हा पहिलं. हसू कधी गेलं ते त्याला कळलंही नाही.

"मिलिमीटर, इकडे ये. ही बाहीची शिवण बघ."

तो वाकला. बाहीवरून जिना खाली उतरत होता, पायरीमागून पायरी.

"मला फाटलेली दिसते," ताई म्हणाली. "सगळ्याच. पायऱ्या पायऱ्या. परवापर्यंत असं नव्हतं रे." मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये तशी, "म्हणजे आला म्हणायचा तो दिवस."

बोल! एक वाक्य होतं. डोळे नाहीत ताई, फाइल लहान आहे, आणि लहान मीच म्हणालो होतो. ते पाठ होतं त्याला, येताना जिन्यात म्हणून पाहिलं होतं. पण ते बोललं की आत्ता आलेला कोट पुन्हा जाणार, आणि या वेळी कायमचा; तिच्या हातातलं पुस्तक हे पुस्तक राहणार नाही, नासलेलं काम होईल, आणि दुसरं करायला कपडे नाहीत, डोळे नाहीत. न बोललं तर डोळे गेले असं ती धरून चालणार. पुस्तक की डोळे? तिचा आनंद का मोडा, हे कारण त्याने स्वतःपुढे केलं. मोठं समजूतदार कारण होतं. त्याच्या मागे दुसरं एक कारण लपून उभं होतं, पट्टी हातात घेऊन, आणि खरं तेच आहे हे त्याला तिथल्या तिथे कळलं. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"तू सांग ना," ताई म्हणाली. भिंग खाली ठेवून तिने चेहरा त्याच्याकडे केला, म्हणजे त्याच्या कानाकडे. "तुझ्या नजरेला मी मानते. तू काही चुकायचा नाहीस. तुला कशी दिसते? सरळ आहे ना?"

"सरळ आहे," मिलिमीटर म्हणाला.

ताईने मान हलवली. "मग झालं." तिने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "तू जीव ओतून केलंस आणि मला मेलीला नीट बघताही येत नाही. वाईट नको वाटून घेऊस हं." मग ती उठली, मशीनपाशी गेली, चाक जरासं मागे फिरवून सुई वर घेतली आणि ती अर्धी पँट ओढून काढली. धागा दातांनी तोडला. "समोरच्या बाईंना सांगते, दुसरीकडे द्या. आणि मशीनही न्या म्हणावं, त्यांची भाची शिकतेय. इथे धूळ खात पडण्यापेक्षा बरं."

"ताई, मशीन राहू दे."

"कशाला? बोटात सुई घालून घ्यायला?" ती हसली, नेहमीसारखीच, आणि पँटची घडी घालून खुर्चीवर ठेवली. मशीनचं लाकडी झाकण खाली भिंतीला टेकून होतं. तिने ते चाचपून उचललं, मशीनवर ठेवलं, चारी बाजूंनी हात फिरवून दाबलं, आणि मान न वळवता विचारलं, "बघ रे, नीट बसलं का?"

"बसलं," तो म्हणाला.